संगत आणि संमती : नळदुर्गच्या वाटेपासून कटाच्या कलमापर्यंत

फौजदारी कायद्यातील बहुतेक गुन्हे हातून घडतात, तर कट हा गुन्हा मनांच्या जुळणीतून घडतो, आणि म्हणूनच तो ओळखणे, सिद्ध करणे व त्याला सीमा घालणे या तिन्ही गोष्टी कायदा करणाऱ्यांना सदैव अवघड गेल्या आहेत. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६१ मध्ये आज ज्याला फौजदारीपात्र कट म्हटले जाते, त्याचा गाभा असा की दोन किंवा अधिक माणसांनी बेकायदेशीर कृत्य करण्याचे, अथवा कायदेशीर कृत्य बेकायदेशीर मार्गाने करण्याचे आपसांत ठरवले की ते ठरवणेच गुन्हा होते, मग ठरलेले पुढे तडीस गेलेले असो वा नसो. मराठीत या व्यवहाराला कट, मसलत, संगनमत, कारस्थान असे अनेक शब्द आहेत, आणि ‘कट शिजणे’ हा वाक्प्रचार तर झाकणाखाली चाललेल्या, बाहेरच्या डोळ्याला न दिसणाऱ्या क्रियेचेच नेमके वर्णन करतो. जे झाकणाखाली घडले ते न्यायालयापुढे कसे आणायचे, या प्रश्नाला भारतातील कायद्याने दोनशे वर्षांत दोन वेगवेगळी उत्तरे दिली. पहिले उत्तर संगतीचे होते, म्हणजे अमुक माणूस अमुक टोळीतला आहे एवढे दाखवले की पुरे. दुसरे संमतीचे होते, म्हणजे अमुक माणसाने अमुक गुन्ह्याला होकार दिला हे दाखवले पाहिजे. या दोन उत्तरांतील अंतर समजून घेण्यासाठी धाराशिव जिल्ह्याइतका उपयुक्त प्रदेश क्वचितच सापडेल, कारण पहिले उत्तर ज्या अनुभवातून जन्माला आले त्याचा एक धागा तुळजापूर आणि नळदुर्ग या दोन गावांतून गेलेला आहे.

बालाघाटच्या कडेवर वसलेले तुळजापूर आणि बोरी नदीच्या वळणात उभा असलेला नळदुर्गचा किल्ला ही दोन्ही ठिकाणे वाटांवरची आहेत. तुळजाभवानी हे महाराष्ट्रातील असंख्य घराण्यांचे कुलदैवत असल्यामुळे तेथे दूरदूरचे यात्रेकरू येत, आणि सोलापूरहून हैदराबादेस जाणारा रस्ता नळदुर्ग व उमरगा यांवरून जात असल्यामुळे त्यावरून सावकारांचा माल, सरकारी खजिना, पलटणीतून रजेवर निघालेले शिपाई आणि एकटेदुकटे वाटसरू यांची सतत ये-जा चाले. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर सोलापूर ईस्ट इंडिया कंपनीकडे गेले, तुळजापूर व नळदुर्ग निजामाकडेच राहिले, आणि दक्षिणेला अक्कलकोटचे संस्थान वेगळे होते; त्यामुळे पायी दोन दिवसांच्या टापूत तीन सत्तांच्या हद्दी एकमेकींना भिडत होत्या. एका हद्दीत गुन्हा करून दुसऱ्या हद्दीत रात्र काढणे ज्याला जमे, त्याच्यामागे कोणत्याच कचेरीचा शिपाई फार दूर जाऊ शकत नसे. फौजदारी अधिकारक्षेत्र, म्हणजे कोणत्या न्यायालयाने कोणत्या भूमीवरील गुन्ह्याचा न्याय करावा याची मर्यादा, ही कल्पना येथे रोजच्या व्यवहारातली अडचण होती.

याच टापूत १८२० च्या दशकाच्या उत्तरार्धात फिलिप मेडोज टेलर हा निजामाच्या सेवेतील तरुण इंग्रज अधिकारी पोलीस कामावर होता. १८०८ मध्ये लिव्हरपूल येथे जन्मलेला टेलर वयाच्या सोळाव्या वर्षी मुंबईस उतरला, निजामाच्या फौजेत दाखल झाला आणि विशीच्या आसपास असताना त्याच्याकडे निजामाच्या नैर्ऋत्य मुलखातील बंदोबस्त आला, ज्यात तुळजापूरचा परिसर होता. त्याच्या मृत्यूनंतर १८७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्याने नोंदवले आहे की, वाटसरूंचे गळे आवळून त्यांना पुरून टाकणाऱ्या टोळ्यांचा माग त्याला लागू लागला होता, परंतु नेमक्या त्याच वेळी त्याला पलटणीत परत बोलावण्यात आल्याने तो तपास अर्धवट राहिला. ठगांच्या टोळ्यांचा छडा लावल्याचे श्रेय पुढे कंपनीचा अधिकारी विल्यम स्लीमन याला मिळाले आणि टेलरला ती हुरहुर आयुष्यभर राहिली. १८३९ मध्ये त्याने लिहिलेली ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी इंग्लंडमध्ये गाजली, आणि ठग हा शब्द इंग्रजी वाचकाच्या तोंडी बसण्यात तिचा वाटा मोठा आहे.

ठगीच्या खटल्यांत कायद्यापुढे उभी राहिलेली अडचण साधी आणि विलक्षण होती. बळी मेलेला असे, प्रेत पुरलेले असे, साक्षीदार म्हणून उरत ते स्वतः टोळीतलेच, आणि एखादा ठग पकडला तरी तो कोणत्या दिवशी, कोणत्या ओढ्याकाठी, कोणाच्या खुनात हजर होता हे तारीखवार सिद्ध करणे जवळजवळ अशक्य होते. यावर कंपनी सरकारने १८३६ चा तिसावा कायदा केला. हा कायदा एकाच कलमात सांगता येईल इतका त्रोटक होता : जो कोणी ठगांच्या टोळीत, हा कायदा होण्यापूर्वी वा नंतर, कंपनीच्या मुलखात वा मुलखाबाहेर, सामील होता असे सिद्ध होईल, त्यास सक्तमजुरीसह जन्मठेप. यातील प्रत्येक शब्द नेहमीच्या फौजदारी न्यायाचा एकेक आधार काढून घेणारा होता. विशिष्ट कृत्य सिद्ध करण्याची गरज उरली नाही. कायदा होण्यापूर्वीच्या वर्तनालाही तो लागू झाला. आणि ‘मुलखाबाहेर’ या शब्दाने नळदुर्ग-तुळजापूरसारख्या परक्या हद्दीतील संगतही कंपनीच्या न्यायालयात शिक्षेस पात्र ठरली. हद्दीचा जो प्रश्न या टापूतील शिपायांना रोज भेडसावत होता, तो कायद्याने हद्दच पुसून सोडवला.

ठगांविरुद्धच्या या मोहिमेचे आकडे टेलरने आपल्या कादंबरीच्या प्रस्तावनेत दिले आहेत आणि ते फार बोलके आहेत. १८३१ ते १८३७ या सात वर्षांत एकूण ३,२६६ जणांची नोंद झाली. त्यांपैकी ४१२ जणांना फाशी झाली, १,०५९ जणांना पेनांग व इतरत्र समुद्रापार पाठवण्यात आले, ८७ जणांना जन्मठेप झाली, आणि इतर लहान शिक्षा धरून शिक्षा झालेल्यांची संख्या १,६४८ भरली, तर खटला चालून सुटलेले केवळ ३२ होते. न्यायासनासमोर उभ्या राहिलेल्या शंभर माणसांपैकी जेमतेम दोन सुटावीत, हे प्रमाण तपासाच्या अचूकतेचे लक्षण मानावे की पुराव्याची कसोटी किती सैल झाली होती याचे, हा प्रश्न टाळता येत नाही. त्याच यादीत ४८३ जण माफीचे साक्षीदार झाल्याची नोंद आहे, म्हणजे पकडलेल्या प्रत्येक सातांमागे साधारण एक जण उरलेल्यांना ओळखण्याच्या कामी लागला होता. माफीचा साक्षीदार म्हणजे गुन्ह्यात स्वतः भागीदार असलेला, परंतु सर्व हकिकत खरी सांगण्याच्या अटीवर शिक्षेतून सूट मिळालेला आरोपी. आणि ज्याचा जीव दुसऱ्याचे नाव घेण्यावर टांगलेला आहे त्याचे बोलणे किती ग्राह्य धरावे, ही कटाच्या कायद्यातील सर्वांत जुनी जखम आहे.

या टापूच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. ठग भवानीचे उपासक असतात असे स्लीमन व त्याच्या सहकाऱ्यांनी आग्रहाने मांडले, आणि त्यातून धर्माचरण हेच टोळीच्या ओळखीचे एक चिन्ह मानले जाऊ लागले. परंतु ज्या प्रदेशात शेतकरी, सरदार, व्यापारी आणि गोंधळी हे सारेच भवानीचे नाव घेतात, तेथे असे चिन्ह कोणालाही चिकटवता येते. ठगी ही खरोखर एकसंध, वंशपरंपरागत, देवीच्या आज्ञेने चालणारी संघटना होती, की वाटमारी करणाऱ्या नाना तऱ्हेच्या टोळ्यांना सरकारी दफ्तराने दिलेले ते एकच नाव होते, याविषयी आजच्या इतिहासकारांत एकमत नाही. वाटसरूंचे खून होत होते यात शंका नाही. वाद आहे तो ‘संगत’ या शब्दाचे जाळे किती रुंद फेकले गेले याविषयी.

टेलर पुन्हा या जिल्ह्यात आला तो मोठा अधिकारी होऊन. २१ मे १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख कंपनीच्या ताब्यात दिला आणि नळदुर्गचा कारभार टेलरकडे आला. रस्ते आणि जमीन-महसुलाची व्यवस्था यांत त्याने येथे घातलेली वर्षे त्याच्या आयुष्यातील चांगल्या कामाची होती. त्याची ‘तारा’ ही १८६३ ची कादंबरी तुळजापूरच्या एका पुजाऱ्याच्या मुलीभोवती फिरते, यावरून त्या गावाने त्याच्या मनात केलेले घर कळते. १८५७ मध्ये त्याची बदली वऱ्हाडात झाली. पुढे १८६० च्या अखेरीच्या तहाने नळदुर्ग व रायचूर निजामाला परत देण्यात आले, आणि योगायोग असा की त्याच वर्षी ऑक्टोबरात भारतीय दंडसंहिता मंजूर झाली. ज्या संहितेच्या कलम ३१० मध्ये ‘ठग’ या शब्दाची व्याख्या झाली आणि ३११ मध्ये त्याला जन्मठेप सांगितली गेली, ती संहिता १ जानेवारी १८६२ रोजी अमलात आली तेव्हा नळदुर्ग तिच्या हद्दीबाहेर गेलेले होते.

दंडसंहितेच्या मूळ रूपात कट हा स्वतंत्र गुन्हा नव्हता, ही बाब बहुधा विसरली जाते. कलम १०७ मध्ये अपप्रेरणेचा, म्हणजे गुन्ह्यास प्रवृत्त करण्याचा किंवा साहाय्य करण्याचा, एक प्रकार म्हणून कटाचा उल्लेख होता. पण त्यासाठी कटाच्या पूर्तीसाठी काहीतरी कृत्य किंवा बेकायदेशीर अकृती घडलेली असणे आवश्यक होते. नुसते ठरवणे पुरेसे नव्हते. या नियमाला पहिला मोठा अपवाद १८७० मध्ये झाला, जेव्हा कलम १२१-अ घालून राजसत्तेविरुद्ध युद्ध पुकारण्याचा कट हा, कोणतेही कृत्य घडले नसले तरी, शिक्षापात्र केला गेला. हेच कलम महाराष्ट्रात नाशिक कटाच्या खटल्यात वापरले गेले. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात जिल्हाधिकारी जॅक्सन याचा वध करणारा अनंत कान्हेरे हा औरंगाबादेत, म्हणजे निजामाच्या राज्यात, शिकणारा विद्यार्थी होता, आणि मराठवाड्याची हद्द ओलांडून आलेली ती मसलत मुंबई उच्च न्यायालयाच्या विशेष न्यायासनासमोर तपासली गेली. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी फाशी झाली. विनायक दामोदर सावरकर यांना कटाच्या खटल्यात त्याच वर्षी डिसेंबरात जन्मठेपेची शिक्षा सुनावण्यात आली.

त्यानंतर तीनच वर्षांत कट हा सर्वसाधारण गुन्हा झाला. डिसेंबर १९१२ मध्ये दिल्लीत व्हाइसरॉय हार्डिंग यांच्यावर बॉम्ब फेकला गेला आणि १९१३ च्या आठव्या कायद्याने दंडसंहितेत १२०-अ व १२०-ब ही कलमे आली. तोवर राजसत्तेविरुद्धच्या कटापुरते राखीव असलेले शस्त्र या दोन कलमांनी चोरी, लाचखोरी, फसवणूक, खून अशा प्रत्येक गुन्ह्याच्या तपासात उपलब्ध करून दिले, आणि आज कोणत्याही जिल्ह्यातील दोषारोपपत्रात ते जितक्या सहजपणे लिहिले जाते तितकी त्याची जन्मकथा आठवली जात नाही. कलमाची रचना मात्र बारकाईने वाचण्यासारखी आहे. ठरवलेली गोष्ट जर स्वतःच गुन्हा असेल, उदाहरणार्थ चार माणसांनी उमरग्याच्या रस्त्यावर मालमोटार लुटण्याचे ठरवले, तर होकार देताच कट पूर्ण होतो. परंतु ठरवलेली गोष्ट गुन्हा नसून केवळ बेकायदेशीर असेल, म्हणजे जिच्याबद्दल फक्त दिवाणी दावा लागू शकेल अशी असेल, तर त्या चौघांपैकी कोणीतरी निदान एक पाऊल उचललेले असले पाहिजे. ज्या गुन्ह्याला फाशी, जन्मठेप किंवा दोन वर्षे वा त्याहून अधिक सक्तमजुरी आहे त्याच्या कटाला, संहितेत वेगळी शिक्षा सांगितलेली नसल्यास, अपप्रेरणेइतकी शिक्षा आहे. इतर कटांना सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.

ही कल्पना इंग्लंडमधून आली, पण प्रत्येक देशाने तिच्यावर आपापले कुंपण घातले. अमेरिकेच्या संघीय कायद्यात सर्वसाधारण कटाचे कलम १८६७ मध्ये एका महसुली कायद्याच्या पोटात आले. ते आज संघीय फौजदारी संहितेचे कलम ३७१ असून त्यात कमाल शिक्षा पाच वर्षे आहे आणि ठरवण्याखेरीज निदान एका भागीदाराने उघड कृत्य केलेले असणे लागते. तरीही १९४६ च्या पिंकर्टन खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने एका भागीदाराने कटाच्या ओघात केलेल्या गुन्ह्यासाठी दुसऱ्या, प्रत्यक्ष हजर नसलेल्या भागीदारालाही दोषी धरले. भारतात गंभीर गुन्ह्यांच्या कटाला उघड कृत्याचे कुंपण नाही, त्यामुळे येथे सारा भार पुराव्याच्या नियमांवर येऊन पडतो.

तो भार १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम १० ने, जे आता भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम ८ आहे, वाहिला. दोघे वा अधिक कटात आहेत असे मानण्यास वाजवी कारण असेल, तर सामाईक हेतूच्या संदर्भात त्यांपैकी एकाने बोललेले, केलेले किंवा लिहिलेले दुसऱ्याविरुद्धही वाचता येते. एरवी एकाच्या शब्दाने दुसरा बांधला जात नाही, हा न्यायाचा साधा नियम येथे बाजूला सरतो. हे दार सताड उघडे राहू नये म्हणून न्यायालयांनी हळूहळू अडसर घातले. १९४० मध्ये मिर्झा अकबर खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने सांगितले की कट संपल्यानंतर, अटकेनंतर, एकाने केलेले कथन दुसऱ्याविरुद्ध या कलमाखाली येत नाही. १९५५ मध्ये तोपनदास विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की नाव घेतलेल्या इतर सर्व भागीदारांना निर्दोष सोडले असता एकट्या उरलेल्यास कटाबद्दल शिक्षा देता येत नाही, कारण एकटा माणूस स्वतःशी कट करू शकत नाही. १९६१ मध्ये पुण्याजवळच्या देहू येथील लष्करी वाहन आगारातील सुटे भाग परस्पर बाहेर काढण्याच्या प्रकरणात, मेजर बारसे खटल्यात, त्याच न्यायालयाने दुसरी बाजूही तितक्याच ठामपणे मांडली : कायदा मोडण्याचा करार हाच गुन्ह्याचा गाभा आहे आणि बेत फसला म्हणून भागीदार सुटत नाहीत.

माफीच्या साक्षीदाराचा प्रश्न मात्र ठगांच्या काळापासून तसाच पुढे चालत आला. पुरावा कायद्याने एकीकडे सहअपराध्याच्या साक्षीवर झालेली शिक्षा केवळ त्या कारणाने बेकायदेशीर ठरत नाही असे म्हटले, आणि दुसरीकडे त्याच्या बोलण्यास महत्त्वाच्या तपशिलांत स्वतंत्र पुष्टी नसेल तर न्यायालयाने त्यावर विश्वास न ठेवणे योग्य असा दंडक घातला. महात्मा गांधींच्या हत्येचा खटला याचे सर्वांत ठळक उदाहरण आहे. पुण्यातील शस्त्रविक्रेता दिगंबर बडगे हा त्यात माफीचा साक्षीदार होता, विशेष न्यायाधीश आत्माचरण यांनी त्याला विश्वासार्ह मानले, आणि तरीही स्वतंत्र पुष्टीअभावी केवळ त्याच्या शब्दावर सावरकरांना दोषी धरणे सुरक्षित नाही असे म्हणून १० फेब्रुवारी १९४९ रोजी त्यांची मुक्तता केली. साक्षीदार खरा वाटतो म्हणून त्याचे प्रत्येक नाव घेणे खरे ठरत नाही, हा भेद १८३० च्या दशकातील न्यायासनांनी पाळला असता तर सुटलेल्यांचा आकडा ३२ वर थांबला नसता, असे म्हणण्यास जागा आहे.

धाराशिव जिल्ह्यात हे सारे उशिरा पोहोचले. निजाम राज्याची स्वतःची दंडसंहिता होती आणि न्यायालयांची भाषा उर्दू होती. रझाकार या निजामनिष्ठ संघटनेचा प्रमुख कासीम रझवी हा लातूरमध्ये वकिली करणारा होता, आणि लातूर तेव्हा याच जिल्ह्यात होते. हैदराबाद संस्थान भारतात आणणाऱ्या पोलीस कारवाईनंतर बीबीनगर येथील दरोड्याबद्दल विशेष न्यायाधिकरणाने त्याला दिलेली शिक्षा हैदराबादच्या त्या संहितेखालील होती, आणि १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बहुमताने कायम ठेवली. भारतीय दंडसंहिता येथे लागू झाली १ एप्रिल १९५१ पासून, ब गटातील राज्यांसाठी केलेल्या कायद्याने. म्हणजे नळदुर्ग तिच्या कक्षेबाहेर गेल्यानंतर तब्बल नव्वद वर्षांनी कलम ३१० मधील ठग आणि कलम १२०-ब मधील कट एकदमच या जिल्ह्यात आले.

दरम्यान संगतीचा न्याय अधिक क्रूर रूपात वाढला होता. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने टोळी या शब्दाच्या जागी जात आणली, आणि जन्म हीच संगत ठरली. सोलापुरात तारेच्या कुंपणात वसवलेल्या ज्या वस्तीला लोक आजही सेटलमेंट म्हणतात ती या न्यायाची खूण आहे. स्वतंत्र भारताने ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमातींना विमुक्त केले, पण पोलीस ठाण्याच्या वहीतली आणि गावाच्या नजरेतली नोंद पुसली गेली नाही. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनाने, जे लातूरजवळच्या धनेगावात सुरू होते, ती नोंद आतून कशी भोगावी लागते हे मराठी वाचकाला दाखवले. या माणसांच्या वाट्याला जे आले त्याची कोणतीही कायदेशीर सबब नाही. एखाद्याने काय केले किंवा कशाला होकार दिला हे न विचारता तो कोणाचा कोण हे विचारणारा कायदा किती पिढ्या उद्ध्वस्त करू शकतो, याचा पुरावा धाराशिव-सोलापूरच्या पट्ट्यात पारधी पालांवर अजून पाहता येतो.

१ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता अमलात आली आणि ठगाचे कलम गाळले गेले. कलम ३१० या क्रमांकाखाली आता दरोडा आहे. संगतीचा न्याय मात्र दुसऱ्या नावाने परतला आहे. महाराष्ट्राने १९९९ मध्ये संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, म्हणजे मकोका, केला. फौजदारी कायदा हा राज्यघटनेच्या समवर्ती सूचीतील विषय असल्याने, ज्यावर केंद्र व राज्य दोघेही कायदा करू शकतात, ते त्याला शक्य झाले. त्यात संघटित गुन्हेगारी टोळीचा केवळ सदस्य असणे हे किमान पाच वर्षे ते जन्मठेप इतक्या शिक्षेस पात्र आहे, आणि पोलीस अधीक्षक वा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतो, जे साध्या फौजदारी खटल्यात चालत नाही. न्याय संहितेच्या कलम १११ ने सदस्यत्वाचा हाच गुन्हा देशभर लागू केला, कबुलीजबाबाची ती सवलत मात्र घेतली नाही. दोन्ही कायद्यांनी एक अट राखली आहे : मागील दहा वर्षांत एकाहून अधिक दोषारोपपत्रे सक्षम न्यायालयात दाखल झालेली असावीत आणि न्यायालयाने त्यांची दखल घेतलेली असावी. १८३६ च्या कायद्यात अशी कोणतीही अट नव्हती.